हृदयाच्या स्नायूवरचा वण एमआरआयमध्ये कसा दिसतो

दोन माणसांच्या इकोच्या रिपोर्टवर एकच आकडा असतो: इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के. डावी जवनिका, म्हणजे सगळ्या शरीराला रक्त पाठवणारा हृदयाचा खालचा डावा कप्पा, दर ठोक्याला आतल्या रक्ताचा जेमतेम तिसरा हिस्सा बाहेर ढकलतेय. निरोगी हृदय निम्म्याहून बरंच जास्त ढकलतं. कागदावर दोघांची अवस्था सारखीच. पण एकाच्या हृदयाचा मोठा भाग मरून तिथे वण तयार झालेला असू शकतो. दुसऱ्याचा स्नायू जवळजवळ सगळा जिवंत असू शकतो. दमलेला, सुजलेला किंवा रक्त कमी मिळतंय म्हणून काम आवरतं घेतलेला. पहिल्याचा गेलेला भाग कुठल्याही औषधाने परत येणार नाही. दुसऱ्याचा आकडा योग्य उपचारांनी बराच वर येऊ शकतो.

इकोला हा फरक सहसा सांगता येत नाही. भिंत किती हलते, किती जाड आहे, हे इको उत्तम सांगतो. ती भिंत आतून कशाची झाली आहे हे कळायला दुसरी तपासणी लागते. हृदयाचा एमआरआय, त्यातही गॅडोलिनियम नावाचं औषध टोचून थोड्या वेळाने काढलेल्या प्रतिमा, या कामासाठी आज सर्वांत भरवशाच्या मानल्या जातात. रिपोर्टमध्ये या प्रतिमांचा उल्लेख 'एलजीई' (लेट गॅडोलिनियम एन्हान्समेंट) या तीन अक्षरांनी येतो आणि वाचणाऱ्याच्या छातीत धडकी भरते. ती अक्षरं नेमकं काय सांगतात, हे ज्यांना किंवा ज्यांच्या घरच्यांना कळून घ्यायचंय त्यांच्यासाठी हा लेख.

वण का होतो

हृदयाचा स्नायू स्वतःला फार कमी प्रमाणात नव्याने घडवतो. किती कमी, हे २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मोठ्या कल्पकतेने मोजलं. शीतयुद्धाच्या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं किरणोत्सारी कार्बन एकदम वाढलं आणि मग हळूहळू उतरलं. पेशी ज्या वर्षी जन्मली त्या वर्षीच्या कार्बनची खूण तिच्या डीएनएमध्ये राहते. त्यावरून हिशेब निघाला तो असा: पंचविशीत हृदयस्नायूच्या पेशींपैकी वर्षाला साधारण १ टक्का बदलल्या जातात आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एवढ्याशा भांडवलावर मोठं नुकसान भरून निघणं अशक्य आहे.

हृदयाला रक्त पुरवणारी धमनी अचानक बंद झाली की साधारण वीस मिनिटांनंतर स्नायूच्या पेशी कायमच्या मरायला लागतात. सुरुवात भिंतीच्या सर्वांत आतल्या थरापासून होते, कारण तिथे दाब सर्वाधिक असतो आणि रक्त सर्वांत शेवटी पोचतं. तिथून हा मृत्यू लाटेसारखा बाहेरच्या थराकडे सरकत जातो. त्याला काही तास लागतात. हार्ट अटॅकमध्ये धमनी लवकर उघडण्यासाठी एवढी धावपळ केली जाते ती या लाटेला मध्येच अडवण्यासाठी. मेलेल्या पेशी शरीर साफ करतं आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्या जागी कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे धागे विणतं. हाच वण. वैद्यकीय भाषेत फायब्रोसिस.

वण भिंत फाटू देत नाही, हा त्याचा उपकार. पण तो आकुंचन पावत नाही, त्यामुळे पंप अशक्त होतो. दुसरा धोका विजेचा. हृदयाचे ठोके विजेच्या लाटेवर चालतात आणि वणातून ही लाट जात नाही. वणाच्या कडेला आणि मधल्या फटींमध्ये काही जिवंत पेशींचे पट्टे उरलेले असतात. त्यांतून वीज कशीबशी, फार हळू वाट काढते. बाहेर पडेपर्यंत आजूबाजूचा स्नायू पुन्हा तयार झालेला असतो आणि तीच लाट गोल फिरून परत आत शिरते. हे चक्र सुरू झालं की हृदय अचानक प्रचंड वेगाने धडधडायला लागतं. काही वेळा यातूनच अचानक मृत्यू ओढवतो. म्हणून वण शोधण्याचा खटाटोप केवळ झालेल्या नुकसानीचा पंचनामा नसतो. पुढे काय होऊ शकतं याचा अंदाजही त्यातून येतो.

आणि वण फक्त हार्ट अटॅकनेच होतो असं नाही. विषाणूमुळे स्नायूला आलेली सूज, आनुवंशिक आजार, सार्कॉइडोसिससारखे, अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारे आजार, वर्षानुवर्षांचा रक्तदाब, अरुंद झालेली झडप, या सगळ्यांतून वण होतो. फक्त प्रत्येकाची जागा वेगळी. त्याकडे पुढे येऊ.

पांढरं कशामुळे दिसतं

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत असलेल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांवर हे यंत्र काम करतं. हृदयासाठी बहुतेक ठिकाणी दीड टेस्ला ताकदीचं चुंबक वापरतात, काही ठिकाणी तीन टेस्लाचं. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट. या क्षेत्रात अणुकेंद्रं एका दिशेला झुकतात. रेडिओलहरींचा धक्का दिला की ती ढळतात आणि धक्का थांबला की पुन्हा मूळ जागी येतात. येताना जो संकेत मिळतो त्यापासून चित्र तयार होतं. मूळ जागी यायला लागणारा वेळ उतीनुसार बदलतो. या वेळेला टी-वन म्हणतात.

गॅडोलिनियम हा धातू हा वेळ कमी करतो. औषधातल्या त्याच्या विद्युतभारित अणूत सात इलेक्ट्रॉन जोडीविना असतात आणि त्यामुळे तो आजूबाजूच्या पाण्यातल्या अणुकेंद्रांना लवकर जागेवर आणतो. मोकळा गॅडोलिनियम विषारी आहे, म्हणून एका मोठ्या रेणूत बांधून तो हाताच्या शिरेतून देतात. या बांधलेल्या रेणूचा एक गुण सगळ्या तपासणीचा पाया आहे: तो जिवंत, धडधाकट पेशीच्या आत शिरत नाही. पेशींच्या बाहेर, त्यांच्या मधल्या जागेतच फिरतो.

निरोगी स्नायूत पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्यांच्या मधली जागा एकूण आकारमानाच्या साधारण पाव हिस्सा. औषध तिथे येतं, थोडंच मावतं आणि रक्ताबरोबर लवकर निघूनही जातं. मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. वणात मात्र पेशी उरलेल्याच नाहीत. कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये मोकळी जागा भरपूर आहे आणि रक्तवाहिन्या कमी आहेत. औषध सावकाश आत येतं, जास्त मावतं आणि सावकाशच बाहेर पडतं. पाऊस थांबल्यावर कातळ लगेच कोरडा होतो आणि मातीत ओल टिकून राहते, तसंच हे. कुठे माती आहे ते बघायचं असेल तर भर पावसात बघून उपयोग नाही. पाऊस थांबल्यावर थोडं थांबावं लागतं. म्हणून औषध टोचल्यावर दहा ते वीस मिनिटं थांबून प्रतिमा काढतात. एलजीई या नावातला 'एल' हा या उशिराचा.

आता खरी करामत. तंत्रज्ञ यंत्राला असा क्षण निवडून देतो की त्या क्षणी निरोगी स्नायूकडून येणारा संकेत बरोबर शून्य असेल. शून्य संकेत म्हणजे काळा रंग. सगळा निरोगी स्नायू काळाकुट्ट होतो आणि ज्या भागात औषध रेंगाळलंय तो पांढराशुभ्र उठून दिसतो. हा क्षण काही शे मिलिसेकंदांच्या आसपास असतो, माणसागणिक बदलतो आणि औषध धुऊन जाईल तसा पुढे सरकतो. तो चुकला तर चित्र फसवं येतं. नव्या यंत्रांतली तंत्रं ही चूक बरीचशी सांभाळून घेतात, तरी चांगली प्रतिमा काढणं हे आजही कसबाचं काम आहे आणि ते करणाऱ्या तंत्रज्ञाला याचं श्रेय क्वचितच मिळतं.

या प्रतिमांचा तपशील पुष्कळ बारीक असतो. डाव्या जवनिकेची भिंत साधारण एक सेंटीमीटर जाड. तिच्यात दीड-दोन मिलिमीटरचा फरक या चित्रात ओळखू येतो. म्हणजे वण भिंतीच्या फक्त आतल्या थरात आहे की आरपार गेलाय, हे सरळ दिसतं. आधीच्या तपासण्यांना हे जमत नव्हतं. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९१ रुग्णांचा एमआरआय आणि किरणोत्सारी औषध देऊन केला जाणारा स्पेक्ट स्कॅन, असे दोन्ही केले गेले. एमआरआयमध्ये आतल्या थरापुरता वण दिसलेल्या भागांपैकी ४७ टक्के भाग स्पेक्टमधून निसटले होते.

डॉक्टरांमध्ये एक सूत्र रूढ झालं: पांढरं ते मेलेलं. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण मला ते धोक्याचं वाटतं, कारण रुग्णापर्यंत पोचेपर्यंत त्याचा अर्थ 'तुमचं हृदय मेलंय' असा होतो. पांढरा रंग एवढंच सांगतो की इथे पेशींबाहेरची जागा वाढली आहे. वणामुळे ती वाढते हे खरं. पण ताज्या सुजेमुळेही वाढते आणि अमायलॉइड नावाचं चिकट प्रथिन पेशींच्या मध्ये साचलं तरी वाढते. ताज्या हार्ट अटॅकमध्ये तर मेलेल्या पेशींची आवरणं फाटलेली असतात आणि औषध थेट त्यांच्या आत जातं. भोवतालची सूजही काही प्रमाणात पांढरी दिसते. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत पांढरा भाग असतो त्याहून मोठा दिसू शकतो आणि पुढच्या आठवड्यांत आक्रसतो. उलट, काही वेळा पांढऱ्या भागाच्या मधोमध एक काळा ठिपका दिसतो. तो दिलासा देणारा नसतो: तिथल्या अगदी बारीक रक्तवाहिन्याही बंद पडल्यामुळे औषध पोचलेलंच नसतं आणि असं हृदय सहसा कमी सावरतं.

शिकागोचे दोन निष्कर्ष

हार्ट अटॅकनंतर दिसणारा पांढरा भाग म्हणजे खरोखर मेलेला स्नायू, हे सिद्ध करण्यात शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रेमंड किम आणि रॉबर्ट जड यांच्या गटाचा वाटा मोठा आहे. १९९९ मध्ये त्यांनी प्राण्यांच्या हृदयाच्या प्रतिमा काढल्या आणि मग त्याच हृदयांचे काप करून रंगद्रव्याने मेलेला भाग ओळखला. दोन्ही आकृत्या जवळजवळ तंतोतंत जुळल्या.

पुढच्याच वर्षी त्यांनी माणसांवरचा निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडला. हृदय अशक्त झालेल्या ५० रुग्णांचा एमआरआय बायपास किंवा अँजिओप्लास्टीच्या आधी काढला आणि नंतर भिंतीचा कोणता भाग पुन्हा हलायला लागला ते पाहिलं. नीट न हलणाऱ्या पण अजिबात पांढऱ्या नसलेल्या ३२९ भागांपैकी २५६ भाग, म्हणजे ७८ टक्के, सुधारले. जिथे भिंतीची तीन-चतुर्थांशाहून जास्त जाडी पांढरी होती अशा ५८ भागांपैकी सुधारला तो फक्त एक. मधल्या पायऱ्यांवर वण जितका खोल तितकी सुधारणा कमी.

या अभ्यासाने डॉक्टरांची विचार करण्याची पद्धत बदलली. तोवर प्रश्न 'स्नायू जिवंत की मेलेला' असा होता. आता तो 'किती जाडीपर्यंत मेलेला' असा झाला. अर्ध्याहून कमी जाडीचा वण असलेला भाग सावरण्याची बऱ्यापैकी आशा, त्याहून जास्त असेल तर कमी, असा ढोबळ नियम आजही वापरला जातो.

त्याला एक महत्त्वाची पुरवणी २०२२ साली जोडली गेली आणि ती सांगितली नाही तर चित्र एकांगी राहील. ब्रिटनमधल्या रिव्हाइव्हड नावाच्या चाचणीत धमन्यांच्या आजारामुळे हृदय खूप अशक्त झालेले, पण तपासणीत जिवंत स्नायू पुरेसा दिसलेले ७०० रुग्ण घेतले. निम्म्यांना औषधांबरोबर स्टेंट बसवले, निम्म्यांना केवळ उत्तम औषधं दिली. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होणं, यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. नंतरच्या विश्लेषणात असंही दिसलं की जिवंत स्नायू जास्त असलेल्यांनाही स्टेंटमुळे वेगळा फायदा झाला नाही. मात्र वणाचं प्रमाण जितकं जास्त तितकी पुढची वाटचाल अवघड, हे तिथेही स्पष्ट दिसलं. म्हणजे एमआरआयमध्ये जिवंत स्नायू दिसला म्हणून स्टेंट घालायलाच हवा, असं समीकरण मांडता येत नाही. छातीत दुखतंय का, कोणत्या धमन्या किती अरुंद आहेत, बायपास शक्य आहे का, हे सगळं त्या निर्णयात येतं.

जागा सांगते कारण

या तपासणीतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग हा आहे. वण कुठे आहे यावरून तो कशामुळे झाला हे बऱ्याचदा ओळखता येतं.

धमनी बंद पडून झालेला वण नेहमी आतल्या थराला धरून असतो. लाट आतून बाहेर जाते, त्यामुळे आतला थर वाचून बाहेरचा मेला, असं होत नाही. शिवाय हा वण एखाद्या धमनीच्या हद्दीतच असतो. एवढे दोन नियम हातात असले की पुष्कळ कोडी सुटतात.

पांढरी रेघ भिंतीच्या मधोमध, विशेषतः दोन जवनिकांमधल्या पडद्यात, आतला आणि बाहेरचा थर दोन्ही सोडून असेल, तर धमन्यांचा दोष जवळजवळ नाहीच. ही डायलेटेड कार्डिओमायोपॅथीची, म्हणजे कप्पा फुगून पातळ होण्याच्या आजाराची खूण. पांढरा पट्टा बाहेरच्या थराला, त्यातही डाव्या जवनिकेच्या मागच्या-बाजूच्या भिंतीला असेल तर मायोकार्डायटिस, म्हणजे बहुधा विषाणूमुळे आलेली स्नायूची सूज. भिंत बेसुमार जाड झालेल्या हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत वण बहुतेकदा जाड भागातच ठिपक्याठिपक्यांनी असतो आणि उजवी जवनिका जिथे मधल्या पडद्याला येऊन मिळते त्या सांध्यांवर असतो. सार्कॉइडोसिसमध्ये पडद्याच्या वरच्या भागात, वेगवेगळ्या थरांत, कसलीही शिस्त नसलेले डाग. आणि अमायलॉइडमध्ये आतला थर सगळीकडून, धमन्यांच्या हद्दी न जुमानता पांढरट होतो. कधी कधी तर स्नायू काळा करण्याचा तो क्षणच सापडत नाही आणि अनुभवी डोळ्याला तेवढ्यावरूनच शंका येते.

याचा उपयोग किती रोजचा आहे ते बघा. छातीत दुखलं, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) वाढलं, ईसीजीत बदल दिसले, पण अँजिओग्राफीत धमन्या मोकळ्या. अशा वेळी निदान काय? पांढरा भाग आतल्या थराला असेल तर तो हार्ट अटॅकच होता, गुठळी विरघळून गेली असावी किंवा धमनी आकसून पुन्हा मोकळी झाली असावी. बाहेरच्या थराला असेल तर मायोकार्डायटिस. पांढरं काहीच नाही, पण हृदयाचं टोक फुगून थांबलंय आणि सूज आहे, तर मोठ्या मानसिक वा शारीरिक ताणानंतर येणारा ताकोत्सुबो. तिघांचे उपचार वेगळे. पहिल्याला अटॅकनंतरची औषधं दीर्घकाळ लागतील. दुसऱ्याला काही महिने जोरकस व्यायाम बंद ठेवावा लागेल. चुकीचं लेबल घेऊन वर्षानुवर्षं जगणं कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

उलटही घडतं. २००३ मधल्या एका अभ्यासात धमन्या मोकळ्या असलेल्या आणि डायलेटेड कार्डिओमायोपॅथी असं निदान झालेल्या ६३ रुग्णांचे एमआरआय पाहिले. त्यातल्या १३ टक्के लोकांमध्ये हार्ट अटॅकसारखाच, आतल्या थराला धरून असलेला वण सापडला. त्यांचं हृदय बहुधा कधीतरी नकळत येऊन गेलेल्या अटॅकने अशक्त झालं असावं आणि नाव मात्र दुसऱ्याच आजाराचं लागलं होतं.

नकळत येऊन गेलेले अटॅक किती असतात याचा एक आकडा आइसलँडने दिला. ६७ ते ९३ वयाच्या ९३६ लोकांचा तिथे एमआरआय काढण्यात आला. अटॅक येऊन गेल्याची नोंद असलेले ९.७ टक्के होते. कसलीही नोंद नसताना हृदयावर अटॅकचा वण सापडलेले १७ टक्के. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढे दिसलं की या नकळत वण असलेल्यांचं आयुष्यमानही वण नसलेल्यांपेक्षा कमी होतं. छातीत दुखलं नाही म्हणजे काही झालं नाही, ही समजूत किती पोकळ आहे ते इथे कळतं. मधुमेह असलेल्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावं; त्यांच्यात अटॅक वेदनेविना येण्याची शक्यता जास्त असते.

किती, यावरून पुढचं

लंडनमध्ये डायलेटेड कार्डिओमायोपॅथीच्या ४७२ रुग्णांचा पाच वर्षांहून जास्त काळ मागोवा घेतला गेला. त्यांतल्या १४२ जणांच्या भिंतीच्या मधोमध वण होता. वण असलेल्यांपैकी २६.८ टक्के या काळात दगावले, नसलेल्यांपैकी १०.६ टक्के. अचानक मृत्यू किंवा त्यातून जेमतेम वाचणं, या घटनांत तफावत आणखी मोठी होती: २९.६ टक्के विरुद्ध ७ टक्के. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीच्या जवळपास तेराशे रुग्णांच्या अभ्यासात वण स्नायूच्या १५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर अचानक मृत्यूचा धोका वण नसलेल्यांच्या साधारण दुप्पट दिसला.

म्हणून धोकादायक लय ओळखून शॉक देणारं आयसीडी यंत्र कुणाला बसवायचं, या निर्णयात वणाचा विचार होऊ लागला आहे. युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डायलेटेड कार्डिओमायोपॅथीच्या रुग्णांसाठी एमआरआयमधला वण हा धोक्याच्या घटकांपैकी एक म्हणून धरलेला आहे. एक घटक, एवढंच. चक्कर येऊन पडणं, घराण्यात अचानक मृत्यू, जनुकीय दोष, इजेक्शन फ्रॅक्शन, हे सगळं बाजूला ठेवून केवळ पांढऱ्या ठिपक्यावर कुणी यंत्र बसवत नाही. वरचे टक्के हे शेकडो लोकांचे आहेत. त्यांतलं तुमचं स्थान तुमचे डॉक्टर बाकीच्या गोष्टी बघूनच सांगू शकतील.

जो वण असा दिसत नाही

एलजीईची एक मर्यादा तिच्या तंत्रातच आहे. निरोगी स्नायू काळा आणि वण पांढरा, ही तुलना झाली. पण सगळा स्नायूच थोडा थोडा, सारख्या प्रमाणात कोलॅजेनने भरला असेल तर तुलना करायला निरोगी भाग उरतच नाही. रक्तदाब, मधुमेह, महाधमनीची अरुंद झडप यांत असं पसरट फायब्रोसिस होतं आणि एलजीईची प्रतिमा स्वच्छ येऊ शकते.

यासाठी टी-वन मॅपिंग आहे. यात काळं-पांढरं न बघता प्रत्येक बिंदूचा टी-वन मिलिसेकंदांत मोजतात. औषधाच्या आधीचं आणि नंतरचं मोजमाप आणि रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, यांवरून पेशींबाहेरची जागा किती टक्के आहे याचा हिशेब होतो. रिपोर्टमध्ये तो ईसीव्ही नावाने येतो. निरोगी माणसात तो पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतो. अमायलॉइडमध्ये चाळीसच्या वरही जातो. टी-वनचा आकडा यंत्रागणिक बदलतो, म्हणून एका केंद्रातला आकडा दुसऱ्या केंद्रातल्या आकड्याशी ताडून बघू नये.

या पसरट फायब्रोसिसबद्दल एक आशादायक गोष्ट हाती आली आहे. महाधमनीची अरुंद झडप बदललेल्या रुग्णांचा वर्षभराने पुन्हा एमआरआय केला तेव्हा पसरट कोलॅजेन कमी झालेलं आढळलं. एलजीईत दिसणारा दाट वण मात्र जसाच्या तसा होता.

प्रत्यक्ष तपासणी

साधारण पाऊण तास उताणं पडून राहायचं. छातीवर ईसीजीचे स्टिकर, त्यावर संकेत टिपणारं पसरट उपकरण. धडधडतं हृदय स्थिर दिसावं म्हणून यंत्र ईसीजीच्या तालावर प्रतिमा घेतं आणि फुफ्फुसांची हालचाल थांबावी म्हणून पुन्हा पुन्हा दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायला सांगतात, बहुतेकदा श्वास सोडल्यावर. ज्यांना श्वास रोखवत नाही किंवा ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांच्यासाठी सहज श्वास घेत काढायच्या पद्धती आता आहेत. तंत्रज्ञाला आधीच सांगावं. आवाज मोठा असतो, कानाला संरक्षण देतात. हातात घंटीचं बटण असतं.

सांगायलाच हवं असं एक: वणाच्या प्रतिमा अगदी शेवटी निघतात. कंटाळून किंवा घाबरून मध्येच उठलं तर ज्यासाठी आलो तेच राहून जातं. बंदिस्त जागेची भीती असेल तर ती लपवू नका. आधी कळलं तर सौम्य औषध देता येतं, सोबतीला कुणी थांबू शकतं.

स्टेंट असतील तरी एमआरआय होतो आणि बहुतेक कृत्रिम झडपा असतानाही होतो. पेसमेकर किंवा आयसीडी असलेल्यांचाही आता होतो, मात्र यंत्राचं कार्ड दाखवावं लागतं, आधी-नंतर सेटिंग तपासावं लागतं आणि आयसीडीच्या धातूमुळे चित्राचा काही भाग बिघडू शकतो. मेंदूतल्या काही जुन्या क्लिपा, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात गेलेला धातूचा कण, यांबद्दल न विचारता सांगावं.

गॅडोलिनियमबद्दलची भीती संपूर्ण निराधार नाही. मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झालेल्या काही रुग्णांमध्ये त्यामुळे कातडी आणि आतले अवयव घट्ट होण्याचा गंभीर आजार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आलं. दोष मुख्यतः जुन्या, रेणूची बांधणी सैल असलेल्या औषधांचा होता. युरोपने २०१७ मध्ये त्यांतली बरीचशी वापरातून काढली. आजच्या घट्ट बांधणीच्या औषधांनी हा आजार होणं अत्यंत दुर्मीळ आहे, तरीही क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट मागतात आणि मूत्रपिंडांची क्षमता फार कमी असेल तर जपून निर्णय घेतात. पुन्हा पुन्हा इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूत गॅडोलिनियमचे अंश राहतात असंही २०१४ पासून दिसून आलंय. त्यातून आजार झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. गरोदरपणात हे औषध सहसा टाळतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

डाव्या जवनिकेचे १७ भाग कल्पून रिपोर्ट लिहिला जातो. 'सबएंडोकार्डियल' म्हणजे आतला थर, 'मिड-मायोकार्डियल' म्हणजे मधला, 'एपिकार्डियल' म्हणजे बाहेरचा, 'ट्रान्सम्युरल' म्हणजे आरपार. पुढे टक्के असतील तर ते भिंतीच्या जाडीचे की एकूण स्नायूचे, हे विचारून घ्या. दोन्हींचा अर्थ फार वेगळा आहे. एका भागातला ५० टक्के जाडीचा वण म्हणजे निम्मं हृदय गेलं, असं मुळीच नाही. उजव्या जवनिकेच्या सांध्यावरचा एखादा बारीक ठिपका दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंमध्येही सापडतो आणि एकटा असेल तर त्याला सहसा फार महत्त्व देत नाहीत.

डॉक्टरांना विचारण्यासारखं: वण कोणत्या थरात आहे, त्यावरून कारण कोणतं वाटतं, किती आहे, सूजही दिसतेय का आणि या सगळ्यामुळे माझ्या उपचारात नेमकं काय बदलतंय. सूज असेल तर अजून एक प्रश्न: पुन्हा एमआरआय कधी? मायोकार्डायटिसमध्ये पहिल्या आठवड्यात दिसलेल्या पांढऱ्या भागाचा काही हिस्सा सूज उतरल्यावर नाहीसा होतो. खरा वण किती उरला, हे काही महिन्यांनी काढलेल्या दुसऱ्या प्रतिमांमध्येच कळतं आणि पुन्हा धावायला, पोहायला, खेळायला कधी लागायचं, हेही बऱ्याचदा त्यानंतरच ठरतं.